निवडून पाठवलेली माती

कार्ल्सरूहे,
१४ फेब्रुवारी १९५९

ती. अप्पामामांच्या सेवेशी, तीन स्वेटर आणि एक ओव्हरकोट घालून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून श्रीपादचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकली. उरलेली तीन मे महिन्यात टेकवीन.)

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? तांबडी गाय व्याली का? मी इथे खुशाल आहे. हे पत्र सहज म्हणूनच लिहितो आहे, काही मागायचं म्हणून नव्हे. 'श्रीपादचं पाकीट आलं की त्याला काहीतरी हवं असणार' असं तुम्ही घरात म्हणता, हे तुमच्या सुलेखाने मला कळवलं आहे. तिला रागावू नका, मुलगी खरं बोलते एवढंच.

तुम्ही पाठवलेली पेटी मुंबईहून बोटीने हॅम्बर्गला आणि तिथून रेल्वेने इथे, अशी दहा आठवड्यांनी पोचली. सोडवायला त्सोलआम्टमध्ये, म्हणजे इथल्या जकातखात्यात गेलो. एका पिशवीत हुलगे आहेत हे तिथल्या साहेबाला पटलं. दुसरीत माती आहे म्हटल्यावर त्याने चष्मा काढून पुसला. जर्मनीत माती नाही का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आहे, पण आमच्याइतकी वाईट नाही. किंमत काय लिहू, असं त्याने विचारलं. काहीच नाही, हेच तिचं वैशिष्ट्य, असं मी सांगितलं. त्याने तीन शिक्के मारले आणि मी जाईपर्यंत तो माझ्याकडे पाहत राहिला.

मामा, तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मला इथे ठेवून घेतलं आहे ते आपल्या बोरखिंडीच्या माळाच्या जोरावर. तलाठ्याने पोटखराबा, म्हणजे पिकाला निकामी, म्हणून लिहून ठेवलेल्या त्या जमिनीचं वर्णन मी वर्षभर आमच्या प्रोफेसर लिंडेनमायरांना ऐकवतो आहे. वजनाने निम्मे नुसते खडे. माती असेल तेवढी दगडांच्या फटीत दडलेली. प्रत्येक दगडाची पाठ काळी आणि पोटाला मात्र चुन्याचा पांढरा लेप, कारण चार सरींचं पाणी चुना विरघळवून खाली नेतं न नेतं तोच संपतं, आणि चुना वाटेतच दगडाला चिकटून बसतो. वीतभर खाली चुनखडीचा तो थर, ज्यावर तुमची पहार वाकली. (तिथे विहीर खणायची कल्पना आमच्या वडिलांची होती, तुमची नव्हे, हे मी लेखी मान्य करतो.) अशा जमिनीत कुसळी गवत कसं तगतं आणि त्यावर मेंढ्या कशा जगतात, हा माझा प्रबंध. लहानपणी ज्या माळाचं नाव काढायची लाज वाटायची, त्याचीच मी इथे फुशारकी मारतो.

प्रोफेसर भला माणूस आहे. आपण काहीही सांगितलं की 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', असं म्हणतात आणि मग असा प्रश्न विचारतात, की आपण बरोबर नव्हतो हे आपल्यालाच कळावं. मार्चअखेर माझं स्टिपेंडियम संपतं. ही शिष्यवृत्ती आणखी दोन वर्षं वाढवायची की मला परतीच्या बोटीत बसवायचं, हे त्यांच्या एका पत्रावर आहे, आणि माती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते पत्र लिहिणार नव्हते.

चुनखडीची जमीन ओळखायची साधी रीत अशी, की तिच्यावर ॲसिडचा थेंब टाकायचा. चुना असला की ती फसफसते. मी अख्ख्या विभागाला बोलावणं केलं. टेबलाभोवती अकरा जर्मन उभे राहिले. (मागच्यांनी टाचा उंच केल्या होत्या.) मामींच्या जुन्या लुगड्याच्या पिशवीची गाठ सोडली. वर हळदकुंकू वाहिलेलं पाहून मला शुभशकुन वाटला. आत माती पिठासारखी मऊ. हात कोपरापर्यंत घातला, एक खडा लागला नाही. थेंब टाकला, माती ओली झाली. दुसरा टाकला, ती जास्त ओली झाली. तिसऱ्या थेंबाला एक बुडबुडा आला, पण तो संकोचून लगेच फुटला. प्रोफेसर 'आल्झो' म्हणाले. त्याचा अर्थ 'तर मग' असा होतो, आणि तेवढ्यावरच ते टोपी घेऊन निघाले. माझ्या पायांखालची उरलीसुरली मातीही सरकली. त्यांच्या मदतनिसाने मात्र हळदकुंकवाचा नमुना वेगळा काढून बाटलीत भरला, त्यावर त्याचं काम अजून चालू आहे.

सगळे गेल्यावर पिशवीच्या तळाशी चिठ्ठी सापडली. अक्षर तुमचं, पण सांगणाऱ्या मामी. चिठ्ठीत लिहिलं होतं, की माळावरची माती फारच घाण असल्याने दगडगोटे आणि चुनखडी सगळी वेचून काढली आहे, तीन दिवस लागले. चाळल्यावर ओंजळभरच उरली, तेव्हा परसातल्या वांग्यांच्या वाफ्यातली मऊ माती भर घातली आहे. साहेबांकडे नाव राखावे.

खोटं कशाला बोलू, आधी मला राग आला. मग ते 'तीन दिवस' पुन्हा वाचलं आणि चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. त्या खोकल्यात मामी ओसरीवर सूप घेऊन बसल्या असतील, चष्मा नाकावर ओढून एकेक खडा वेचत असतील, भाच्याच्या साहेबाच्या दारी दगड कसे पाठवायचे म्हणून. मला इथे येऊन दोन वर्षं झाली, पण त्या दिवशी जेवढी घरची आठवण आली तेवढी कधी आली नव्हती.

प्रोफेसर पाच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात असलेला माझा मित्र यशवंत रविवारी आला होता. तो म्हणाला, साहेब रुसला तर त्याला जेवायला बोलवावं. आम्ही बोलावलं आणि तुमच्या हुलग्यांची उसळ केली. हुलगे निवडले नाहीत. मामींच्या हातचं धान्य पुन्हा निवडायचं म्हणजे त्यांचा अपमान, असं आम्हा दोघांचं एकमत झालं. आता माझ्या लक्षात येतं आहे, की तीन दिवस माती निवडून थकलेल्या माणसाने हुलगे कधी निवडले असते?

दुसऱ्याच घासाला प्रोफेसरांच्या तोंडातून कडकन आवाज आला. यशवंत उभा राहिला. मी बसलो तो उठेचना. प्रोफेसरांनी रुमालात दोन वस्तू काढल्या, एक दाताचा तुकडा आणि एक खडा. दाताचा तुकडा त्यांनी बाजूला सारला आणि खिशातून भिंग काढलं. खडा एका अंगाने काळा, दुसऱ्या अंगाने पांढरा. गालावर हात धरून त्यांनी कोशिंबिरीचं व्हिनेगर मागितलं आणि बशीत खड्यावर ओतलं. मामा, तो खडा असा फसफसला, की मला बोरखिंडीचं कुणी माणूस भेटल्यासारखं वाटलं. हुलगे कुठे मळतात, असं त्यांनी विचारलं. माळावरच्या खळ्यावर, असं मी सांगितलं. प्रोफेसर 'गेनाऊ' म्हणाले, आणि या खेपेस पुढे प्रश्न आला नाही.

तेव्हा इकडे सर्व ठीक आहे. एका खड्यावर प्रबंध होत नाही, पण त्या एका खड्यावर त्यांनी माझी मुदत जूनअखेरपर्यंत वाढवून घेतली. तुम्ही गुडघ्याला तेल चोळत जा, जिना वारंवार चढू नका. मामींना नमस्कार, सुलेखाला आशीर्वाद (आणि तिने खरं बोलणं थोडं कमी करावं).

माळाच्या कृपेने अजून इथेच असलेला,
तुमचा श्रीपाद

ता. क. सहज आठवलं म्हणून लिहितो. माळावरची दहा किलो माती पाठवा. खोरं मारायचं, आलं ते पिशवीत भरायचं, तोंड शिवायचं. खडे, चुनखडी, कुसळं, लेंड्या, सगळं जसं असेल तसं. पिशवी घरात न आणता परस्पर पोस्टात न्यावी आणि मामींच्या दृष्टीस पडू देऊ नये. जूनपर्यंत ती इथे पोचली नाही, तर जुलैत मी तिथे पोचेन.

ता. क. २. मामींना सांगा, की इतकी स्वच्छ माती आपण आयुष्यात पाहिली नाही, असं प्रोफेसर म्हणाले. हे खरंच त्यांचे शब्द आहेत. कोणत्या आवाजात म्हणाले, ते सांगू नका.

ता. क. ३. माती पटली, तर नोव्हेंबरात प्रोफेसर स्वतः माळ बघायला येणार आहेत आणि तुमच्याकडे चार दिवस उतरणार आहेत. ही बातमी मामींच्या कानावर जाईलच. त्या गडीबायका लावून माळावरचे दगड वेचायला काढतील. मामा, एवढं काही करून थांबवा. पाहुणे दगड बघायलाच येताहेत. हुलगे मात्र दोनदा निवडून घ्यावेत. त्यांचे उजवीकडचे दात अजून शाबूत आहेत.