पाठवू का शाळेत?

अण्णा,

काल सकाळी सातच्या सुमाराला माझ्या लेकीचा पुण्याहून फोन आला. तिचा मुलगा सात वर्षांचा आहे. नाक वाहतंय, अंग जरा कोमट लागतंय, पण खेळतोय नेहमीसारखा, आणि शाळेत चित्रांची स्पर्धा. "आई, पाठवू का गं शाळेत?" तिचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच मी म्हणाले, "ठेव घरी." ती म्हणाली, "अगं, नव्याण्णवच आहे." मी म्हणाले, "असू दे." फोन ठेवला आणि बराच वेळ ओट्यापाशी तशीच उभी राहिले. इतक्या झटकन मी भाजीसुद्धा ठरवत नाही. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली, आणि काल एकदम तुम्हाला विचारावंसं वाटलं, की तुम्ही कसं ठरवायचात?

कारण तुम्हाला रोज कुणी ना कुणी हेच विचारायचं. श्रीरामपुरात डॉक्टरांच्या दवाखान्यात तुम्ही कंपाउंडर. मी शाळा सुटली की यायचे आणि आतल्या बाकावर बसून तुमच्याकडे बघत राहायचे. तुम्ही लाल औषध बाटलीत ओतताय, कागदाची पट्टी दुमडून कात्रीनं खाचा पाडताय, ती बाटलीला चिकटवताय. एक खाच म्हणजे एक डोस. डॉक्टरांना विचारायला भिणाऱ्या बाया तुमच्या खिडकीशी यायच्या. "दादा, पोरगी जरा मलूल हाय, साळंत धाडू का?" तुम्ही मान वर न करता विचारायचात, "सकाळी भाकरी मागितली का?" मागितली असेल तर पाठवा, नसेल तर ठेवा. एवढंच. मला तेव्हा फार नवल वाटायचं, की तापाचा आणि भाकरीचा काय संबंध असेल. एकदा विचारलंही होतं. तुम्ही म्हणालात, "पोट खोटं बोलत न्हाई." मग मी कितीतरी दिवस जेवताना पोटाला हात लावून बघत होते.

एकाहत्तरची लढाई नुकतीच संपली होती, तो हिवाळा. मी चौथीत होते. आई सातव्या महिन्यात देवळाली प्रवऱ्याला माहेरी गेलेली, त्यामुळे घरात आपण दोघंच. स्टोव्ह तुम्ही पेटवायचात, वेणी मात्र तुम्हाला जमायची नाही, म्हणून शेजारच्या गल्लीतली माझी मैत्रीण यायची आणि माझे केस विंचरून द्यायची. तिचे वडील गाद्या भरायचे. त्यांच्या दारातून जाताना कापूस पिंजायच्या धनुकलीचा आवाज सारखा येत असायचा. तिच्या कडेवर तिची तीन वर्षांची बहीण असायची. घरात बघायला कुणी नाही म्हणून ती रोज शाळेतसुद्धा यायची, आणि गुरुजी काही म्हणायचे नाहीत.

त्या दिवशी आमचा वर्ग साखर कारखाना बघायला जाणार होता. उसाच्या काळपट रसाची पांढरी साखर होते कशी, हे मला पाहायचं होतं. आठवडाभर मी तुम्हाला तेच विचारून भंडावलं होतं. आणि नेमकी त्या सकाळी मी उठले ती डोळे चुरचुरत, नाक गळत. तुम्ही उलटा हात माझ्या मानेवर ठेवला. जीभ बघितली. मग विचारलंत, "भाकरी खातीस का?" मी म्हणाले, "दोन खाते." आणि खाल्ल्या, कशा ते माझं मला ठाऊक. तुमचं समाधान झालं नाही. तुम्ही दवाखान्यातून आणलेला थर्मामीटर शोधायला आत गेलात.

आता हे सांगते. दवाखान्यात तुम्ही लोकांना म्हणायचात, "चहा पिऊन आलाय का? मग दहा मिनिटं थांबा, पारा खोटा दाखवील." ते ऐकून मी केव्हाच मनाशी ठरवून ठेवलं होतं, की गरम चहानं पारा चढत असेल तर गार पाण्यानं उतरत असणार. तुम्ही आत होतात तेवढ्यात मी माठातलं पाणी तोंडात धरून मोरीत उभी राहिले, दात शिवशिवेपर्यंत. मग गिळून टाकलं आणि शहाण्यासारखी येऊन बसले. तुम्ही जिभेखाली थर्मामीटर ठेवलात, उजेडाकडे धरून वाचलात, दोनदा. "नव्याण्णव," म्हणालात. तरी उंबऱ्यात घोटाळत होतात. गल्लीच्या तोंडाशी आम्हाला कारखान्यात न्यायला आलेल्या ट्रकचा हॉर्न वाजला. तुम्ही माझ्या डोक्याला रुमाल बांधलात आणि म्हणालात, "जा. पण वाऱ्याला बसू नको."

कारखाना मला धड आठवत नाही. मळीचा वास, पायाखाली थरथरणारी जमीन, आणि एका मोठ्या गोल यंत्रात तपकिरी लगदा गरगर फिरता फिरता बघता बघता पांढरा झालेला. एका कामगारानं आमच्या ओंजळीत गरम साखर घातली. माझ्या मैत्रिणीची बहीण माझ्या ओंजळीतली चाटून चाटून खात होती. येताना ट्रकमध्ये ती माझ्या मांडीवरच झोपली. माझं अंग गरम लागत होतं, म्हणून थंडीत आणखीच बिलगून.

तिसऱ्या दिवशी माझ्या कानामागे पुरळ उठलं. गोवर. तुम्ही मला खोलीत अंधार करून झोपवलंत, आईला कळवलं नाहीत. मी आठवड्यात बरी झाले. त्यानंतर चार-पाच दिवसांनी मैत्रिणीची ती धाकटी बहीण आजारी पडली. तिचा गोवर आत छातीत उतरला. डॉक्टर एकदा बघून गेले, म्हणाले, इंजेक्शनं चालू ठेवा, बाकी आपल्या हातात नाही. दहा दिवस तुम्ही सकाळ-संध्याकाळ सुई उकळून घेऊन जात होतात. धनुकलीचा आवाज बंद झाला होता. गल्लीतनं जाताना ते फार चमत्कारिक वाटायचं.

एका संध्याकाळी त्यांच्या घरी डबा द्यायला मीही आले होते. तुम्ही दारात तिच्या वडिलांशी बोलत होतात. "माझी पोरगी आजारी हुती. मीच तिला धाडली." ते म्हणाले, "आवो भाऊ, गल्लीत चार घरी गोवर हाय. तुमच्याच पोरीचा कशावरून?" तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याला कळलं नसतं तर चाललं असतं. माझं कामच हाय ते. मला कळाया पायजे हुतं." मी तुमच्या मागे दोन्ही हातांत डबा धरून उभी होते. तोंड उघडायला एवढी चांगली वेळ पुन्हा आली नाही, आणि मी उघडलं नाही.

ती वाचली. एका कानातून बरेच महिने पू येत राहिला आणि त्या कानानं तिला कमी ऐकू येऊ लागलं, ते आजतागायत. तुम्ही मात्र बदललात. खिडकीशी कुणी बाई विचारायला आली की भाकरीचं काढेनासे झालात. "ठिवा घरी एक दिस," म्हणायचात, सगळ्यांना, सरसकट. आणि मला ताप आला की थर्मामीटर काखेत लावायला लागलात. जिभेखाली पुन्हा कधीही नाही. मी मोठी झाल्यावरसुद्धा, बाळंतपणाला आले होते तेव्हासुद्धा. मला वाटायचं, दवाखान्यात नवी पद्धत आली असेल. पन्नास वर्षं मला तसंच वाटत होतं. काल ओट्यापाशी उभी असताना पहिल्यांदा वाटलं, की छे, पद्धत कसली. तुम्हाला माहीत होतं का? माठापाशी सांडलेलं पाणी पाहिलं होतंत? की कंपाउंडरला ते थर्मामीटर वाचतानाच कळलं, आणि तरी हॉर्न ऐकून पाठवलंत? मग त्या दारात स्वतःवर घेतलंत ते माझ्यासाठी, की खरंच तुम्हाला आपलीच चूक वाटत होती?

आज दुपारी मी त्या धाकटीकडे गेले. गल्ली तीच आहे, ती आता ब्लाउज शिवते. तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसून मी सगळं सांगितलं, माठातल्या पाण्यापासून. तिनं मशीन थांबवलं. मला वाटलं, आता रागावेल. ती म्हणाली, "मला कारखाना आठवतच न्हाई गं. तुजे अण्णा तेवढे आठवतात. त्यांची चाहूल लागली की मी झोपल्याचं सोंग करायची, सुई नको म्हणून. त्यांना लगेच कळायचं. पण उठवायचे न्हाईत. तसेच बसून राहायचे, माजा पाय हातात धरून. मीच कटाळून डोळे उघडायची, तवा म्हणायचे, झोप झाली का बाई?" एवढं सांगून ती हसली आणि पुन्हा मशीन चालवायला लागली.

म्हणजे सोंग तुम्हाला कळायचं. मला विचारायचं होतं त्याचं उत्तर बहुधा हेच असावं, आणि हे पत्र आता कुठं पाठवायचं राहिलेलं नाही. फक्त एक कबूल करते. तिच्या तोंडून ते ऐकताना मला बरं वाटायला हवं होतं. मला तिचा हेवा वाटला, तिनं तुमच्यासमोर डोळे तरी उघडले.