आठव्या वर्गातला डोंगर

बेलवली, बदलापूर (पश्चिम)
रविवार, १२ नोव्हेंबर २००६

प्रिय ताई,

सप्रेम जय भीम. इकडे सगळे बरे आहेत. पत्राला कारण आहे, पण ते खाली येईल. आधी माझ्यावर झालेला अन्याय ऐकून घे.

मंगळवारी दुपारी डब्यातल्या भातात मला खडा लागला. साधासुधा नाही, दाढेत महिन्यापूर्वी भरलेली चांदी उखडून घेऊन गेला. एका जबाबदार शासकीय कर्मचाऱ्याच्या दाढेची भरदिवसा अशी धूप होते आणि कुठे पंचनामा नाही, नुकसानभरपाई नाही! घरी येऊन मी हा विषय रीतसर मांडला, तर प्रीती म्हणते, "बावीस वर्षं सरकारची माती चाळताय. घरचे तांदूळ एकदा निवडले असतेत तर हात झिजले असते?" मी ताट घेऊन तांदूळ निवडायला बसलो.

तुझं पत्र त्याच दिवशी आलं. त्याआधी तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी "बघतो" म्हणालो. फोनवर मला "बघतो" फार सफाईने म्हणता येतं, खात्यात तेवढी एकच गोष्ट नीट शिकवतात. कागदावर मात्र ते जमेना. म्हणून पाच दिवस गेले.

तू लिहितेस, चामटोलीच्या वरचा उतार, जिथे तुमच्या वाडीच्या शेळ्या चरतात, तो निरुपयोगी जमीन म्हणून मुरूम काढायला देऊन टाकला. पायथ्याशी पोकलेन येऊन उभा आहे, चावडीवर अहवालाची नक्कल लावली आहे, आणि तिच्यावरची सही कुणाला वाचता येत नाही. भाऊजींची अंबरनाथची कंपनी बंद पडल्यापासून तुमचं घर त्या सव्वीस शेळ्यांवर चाललंय, आणि वाडीत कुणाच्या नावावर वीतभर जमीन नाही. तू सगळ्यांना सांगितलंस, "माझा भाऊ जमिनीच्याच खात्यात आहे, तो थांबवेल." आणि अगदी शेवटी, समासात, आडव्या ओळीत: "आमच्या डोंगराला निरुपयोगी लिहिणारा मेला आहे तरी कोण, तेवढं शोधून काढ."

मी बुधवारी साहेबांकडे गेलो. तुला वाटेल, लगेच कसा गेला. घाबरलेला माणूस चपळ असतो.

म्हटलं, "साहेब, चामटोलीच्या प्रकरणात हरकत घ्यायची आहे."

"मुदत ऑगस्टात संपली. आणि कशाच्या आधारावर हरकत?"

"अहवाल चुकीचा आहे."

साहेबांनी फाइल मागवली, शेवटचं पान उघडलं, एकदा कागदाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि फाइल फिरवून माझ्यासमोर ठेवली.

ते पान पुढे सांगतो. आधी आमची चाळणी तुला समजली पाहिजे.

आमची प्रयोगशाळा म्हणजे उल्हासनगर कॅम्प एकमध्ये कापडाच्या दुकानावरची एक खोली. मातीची पिशवी आली की ती वाळवायची, कुटायची आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची. खाली पडते ती माती. वर राहतात ते खडे, आणि नियमाप्रमाणे खडे म्हणजे माती नव्हे. त्यांचं वजन लिहायचं आणि फेकून द्यायचे. तुमच्या उताराच्या दोन किलोंतले सव्वा किलो वर राहिले. मी ते खिडकीतून मागच्या गल्लीत टाकले. खालचा सिंधी शेठ रोज विचारतो, "साईं, तुम लोग मिट्टी को भी पास-फेल करते हो?" त्या दिवशी मात्र खूश झाला. त्याच्या दुकानापुढे एक खड्डा होता, नोकराकडून सगळी खडी गोळा करून त्याने त्यात भरली. वर हाक मारून म्हणाला, "ये वाली मजबूत है साईं, और दो थैली मँगवाओ." तो खड्डा अजून उखडलेला नाही. रोज सकाळी मी त्यावरून चालत जातो.

आता तुझ्या लक्षात आलंच असेल. तू माझ्यापेक्षा हुशार होतीस, फक्त शाळेत मला पाठवलं.

लिहिणारा मेला नाही, ताई. बेलवलीत राहतो. त्या पानावर माझी सही आहे.

दोन हजार चारच्या मार्चमध्ये मी तुमच्याकडे आलो होतो, आठवतं? तू कौतुकाने वाटाण्याची उसळ केली होतीस. मार्चअखेरच्या आत मला मातीच्या नमुन्यांसाठी आठ खड्डे खणून घ्यायचे होते, तुमचा सातवा. तुझ्या सासूबाई, जनामावशी, शेळ्या घेऊन वर होत्या. त्यांनी मला त्या दिवशी जे शिकवलं ते दोन वर्षांच्या पदविकेत कुणी शिकवलं नव्हतं. टिकाव हातभरसुद्धा खाली जाईना, नुसता ठणाठण वाजत होता. मी वैतागून म्हटलं, "मावशी, इथे माती आहे कुठे? सगळी खडीच."

"खडी हाय म्हणून माती हाय रं, मास्तर." मी मास्तर नाही हे त्यांना आजवर पटलेलं नाही. त्यांनी पायाच्या अंगठ्याने एक दगड उलटा केला. खाली ओल होती. मार्चात, ताई! ओलीत गवताचा ठोंब, आणि त्याला पांढरा कोंब. "ह्ये झाकण हाय. काढ झाकण, दोन पावसात खालचा कातळ उघडा."

मग एकेक सांगत गेल्या. पावसात म्हैस वर चढवायची नाही, तिचा खूर रुतला की खडी सुटते आणि घरंगळत खाली येते. शेळी चालते. ती उतार आडवा कापत जाते, तिच्या वाटांच्याच पायऱ्या पडतात आणि पाणी त्यांवर थांबत थांबत उतरतं. वरचा पट्टा दसऱ्यापर्यंत कुणी चरायचा नाही, गवताचं बी गळू द्यायचं. हे वाडीने ठरवलेलं, मोडेल त्याच्याशी कुणी आठ दिवस बोलत नाही.

मी म्हटलं, "पण मला तर गवत कुठे दिसत नाही."

"मार्चात येऊन गवत इचारतोस? जेवून उठल्यावर ताट बघशील नि म्हनशील, ह्यांच्या घरी अन्नच नसतं."

मी खो खो हसलो. हसून त्यांच्यासमोरच लिहिलं: वनस्पती आच्छादन, नगण्य.

जमिनीचे आम्ही आठ वर्ग करतो. पहिले चार नांगराचे. पाच, सहा, सात चराईचे आणि झाडांचे. आठवा म्हणजे लांबून बघायची जमीन. तुमचा उतार सातव्यातला होता, आणि हे मला कळत होतं. अडाणीपणाने चुकलो असतो तर आज बरं वाटलं असतं. पण सातवा द्यायचा तर चराईचा वेगळा तक्ता भरावा लागतो: कोणतं गवत, किती गुरं, कुठल्या महिन्यात, उतार टिकतो कशाने. चार पानं. आठव्याला 'निरुपयोगी' एवढी एक ओळ पुरते. तारीख तीस मार्च होती आणि मला घरी जायचं होतं.

चार पानांत मावशींनी सांगितलेलं सगळं मावलं असतं. जागा उरली असती.

साहेबांना शेवटी मी विचारलं, सुधारित अहवाल देता येईल का. म्हणाले, "येईल की. जमीनधारकाचा अर्ज आणा."

"जमीनधारक सरकार आहे, साहेब."

"मग सरकारने अर्ज करावा."

मी सरकारकडे पाहिलं. सरकार चहा पीत होतं.

वर पत्र पाठवलंय, रजिस्टर केलंय, पोचपावती खिशात आहे. तिचा उपयोग एवढाच की खिसा रिकामा वाटत नाही. पुढच्या सोमवारी पोकलेन सुरू होणार असं ऐकतो. वरचं झाकण एकदा खरवडलं की मला उद्या मंत्री केलं तरी ते परत बसवता येणार नाही. वाडीला काय सांगायचं ते तू ठरव. माझं नाव सांगितलंस तर मी नाही म्हणणार नाही. शेळ्या विकू नका म्हणायला मला तोंड नाही, आणि विका म्हणायलाही नाही. माझ्याकडे चारायला गॅलरी आहे आणि तिच्यात तुळशीच्या दोन कुंड्या.

प्रीतीला हे सगळं काल सांगितलं. ती म्हणाली, "ताईंना तोंडावर जाऊन सांगा." म्हटलं, आधी कागदावर सांगतो, मग दारात उभा राहतो. दार उघडायचं की नाही ते तिचं.

एक काम शुक्रवारी केलं. रेकॉर्डच्या खोलीत जाऊन ती फाइल पुन्हा मागितली. रेकॉर्ड सांभाळणाऱ्या उमाबाई म्हणाल्या, "ही बंद झाली. आता हिच्यात काही घातलंत तरी वाचणार कोण?" म्हटलं, कुणी नाही. अहवालाच्या पहिल्या पानावर एक रकाना असतो: स्थानिक माहितगार. ज्याने जमीन दाखवली आणि समजावून सांगितली त्याचं नाव तिथे लिहायचं असतं. मी रेघ मारली होती. रेघ खोडायला परवानगी लागते, म्हणून खोडली नाही. तिच्या वरच्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं: जनाबाई शिवराम रोकडे, राहणार चामटोली, शेळ्या राखतात. खाली शुक्रवारची तारीख घातली, शाई वाळेपर्यंत थांबलो, आणि फाइल उमाबाईंना परत दिली.

तुमच्या चावडीवर लावलेल्या कागदावर आहे, त्याच सहीचा
तुझा भाऊ,
नरेंद्र