शेळ्यांची नावं

सांगली, ७ मार्च २०२२

ती. मनुआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, म्हणून हसशील. दीड वर्ष आमचं नर्सिंग कॉलेज त्या फोनमध्येच होतं. आता तो हातात घ्यावासा वाटत नाही, आणि तुझा आवाज ऐकला तर मी रडेन.

कॉलेज उघडलं आणि आम्हाला थेट वॉर्डात उभं केलं. घरी असताना मी तुझ्या वांग्यांना पाण्याची इंजेक्शनं देत होते, हे आता सांगते. भरल्या वांग्याला पाणी सुटतं म्हणून तू भाजीवालीशी भांडली होतीस. पण वांगं आपल्याकडे बघत नाही. काल एका आजोबांच्या दंडाला सुई द्यायची होती. त्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिटले आणि माझा हात असा थरथरला की सिस्टरांनी सुई काढून घेतली. मॅडम म्हणाल्या, ऑनलाइनची बॅच अशीच. महिनाअखेर प्रॅक्टिकल आहे. त्यात पेशंटला इंजेक्शन देता आलं नाही तर वर्ष गेलं. बाबांना सांगू नकोस, पण मी घरी येऊ का?

तुझी माया आहे तेवढीच राहू दे.
संयोगिता

वडूज, १३ मार्च

चि. संयोगितास अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबाला बोलले नाही. भाजीवालीपुढं मात्र मला मान खाली घालून जावं लागणार.

घरी ये, दार तुझंच आहे. पण आधी ऐक. माझ्या हातावरच्या गोंदणाला तू लहानपणापासून हसतेस, कुंडी आहे आणि तुळस नाही म्हणून. म्हसवडच्या जत्रेत गोंदणारीण मुकाट्यानं टोचत होती आणि मी सुईकडं बघत होते. कुंडी झाली आणि मी हात हिसकून पळाले. पुढच्या वर्षी दुसरी बाई भेटली. तिनं माझी हनुवटी धरली आणि आमच्या शेळ्यांची नावं विचारली. ठमी, बाणी, चांदी झाल्या, चवथीचं नाव आठवेपर्यंत कपाळावरची टिकली गोंदून झाली होती. दुखलं असेल, पण मला शेळ्याच आठवतात.

पेशंटनं भ्यायचं आणि तूही भ्यायचं, मग धीर कुणी धरायचा? त्याची विचारपूस करत जा. मी बरी आहे. डॉक्टरांनी साखरेसाठी रोजचं इंजेक्शन सांगितलंय, ते बघू सावकाश.

जीवाला जप.
तुझी आत्या

सांगली, ३० मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

काल प्रॅक्टिकल झालं. माझ्या वाट्याला कडेगावच्या राहीबाई आल्या. सुई हातात घेतली तसं मी विचारलं, घरी चहा कोण करतं. त्या तापल्याच. सुनेच्या चहात साखर न्हाई का दूध न्हाई, नुसतं गरम पानी हाय, असं चालू असताना मी सुई दिली, काढली, कापूस दाबून धरला. मग त्या म्हणाल्या, आता टोच बाई एकदाची. मॅडमही हसल्या. मी पास झाले. बाहेर येऊन खूप रडले, पण ते रडणं निराळं होतं.

आता तुझं. बाबांना फोन केला होता. तुझ्या इंजेक्शनची बाटली फ्रिजमध्ये तशीच पडली आहे, आणि सुईचं नाव काढलं की तू रानात निघून जातेस म्हणे. आत्या, मला तुझी फार काळजी वाटते. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येते आहे. शेळ्यांची नावं आठवून ठेव.

लोभ आहेच, तो वाढू दे.
संयोगिता

वडूज, ५ एप्रिल

चि. संयोगितास अनेक आशीर्वाद.

पास झालीस, देवापुढं साखर ठेवली. वांगी आणली आहेत, ती फक्त खायला.

त्या शेळ्या कधीच गेल्या. आता दावणीला एकच आहे आणि तिला नाव ठेवलेलं नाही. रविवारी तूच ठेव. जरा लांबलचक असू दे.

वाट बघते.
तुझी आत्या