डिक्कीतला फोन

नवीन जालना
दि. ३ डिसेंबर २०२४

आदरणीय आत्याबाईंना राजानंदचा सविनय जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. इकडे मी, मोनाली आणि पायल खुशाल आहोत. तुम्हाला ऐकू कमी येतं म्हणून फोनवर बोलणं होत नाही, आणि मोबाईलवर लिहिणं मी बंद केलं, त्यामुळे या वयात तुम्हाला पोस्टात खेटे घालावे लागतात. त्या रागात तुम्ही मला भंतेजी म्हणालात. खुशाल म्हणा. पण अट पायलची होती. बारावी आणि पुढची डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा होईपर्यंत ती स्मार्टफोनला हात लावणार नाही, मात्र पप्पांनीही लावायचा नाही. चौदा ऑक्टोबरला विहारात पंचशील म्हणून झाल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांना शब्द दिला. तिचा फोन तुमच्या ट्रंकेत आहे, माझा मी विकून टाकला.

आता खिशात बटनांचा फोन आहे आणि डोकं हलकं आहे. आमच्या ऑफिसातली पोरं चहाच्या टपरीपर्यंत जायलाही नकाशा लावतात. त्यांना उद्या घास कुठल्या बाजूने तोंडात घालायचा हेही फोन सांगेल. कंपनीने यंदा घनसावंगी तालुक्यातले कांदा-बियाण्याचे चाळीस प्लॉट माझ्याकडे दिलेत. मी माणसांना विचारत विचारत जातो. तोंड कशाला दिलंय?

पायल पहाटे पाचला उठते. तिचं बघून मलाही जोर येतो. गुडघ्याला तेल लावत जा. आहे तो जीव आमच्यावर असाच असू द्या.

आपला,
राजानंद


कुंभार पिंपळगाव
दि. १८ डिसेंबर २०२४

चि. राजानंद यास केशरआत्याचे आशीर्वाद, वि. वि.

तोंड कशाला दिलंय हा तुझा सवाल वाचून मन भरून आलं. उत्तर काल बाजारात मिळालं. ते भजी खायला दिलंय.

मी मेथी घेत होते. पुंजारामच्या हॉटेलासमोर एक माणूस मोटरसायकलच्या हँडलला फोन अडकवून फिरत होता. हॉटेलाला त्याने तीन चकरा मारल्या. मग थांबला, फोनकडे बघितलं, आणि हॉटेलकडे असं बघितलं की जसा काही कढईतच कांद्याचा प्लॉट लावलाय. शर्ट ओळखीचा वाटला. वाटणारच, तुझ्या वाढदिवसाला मीच घेतला होता. मी हाक मारली नाही. तमाशा फुकट बघायला मिळत असला की मध्ये बोलू नये.

तू गेल्यावर पुंजारामला विचारलं. तो म्हणाला की हे साहेब या आठवड्यात चारदा आल्ते, दर वेळी वेगळ्या शेतकऱ्याचं नाव घेऊन. गेल्या वर्षीचा तुमचा सुपरवायझर उन्हात हिंडायचा कंटाळा करायचा. त्याने सात शेतकऱ्यांना हॉटेलात बोलावलं आणि सातही शेतांची लोकेशनं बाकावर बसूनच फोनमध्ये टाकली. कंपनीने ती यादी तुला दिली आणि तू ती डोळे झाकून चालवलीस. पुंजाराम म्हणतो, यंदा सगळे कांदे माझ्याच हॉटेलात पिकून राह्यलेत.

हसून झाल्यावर मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. विकलेला फोन हँडलवर कसा आला? दर रविवारी विहारात पंचशील म्हणतोस. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की नेमका खोकला येतो का? पायलला यातलं काय माहीत आहे ते लगेच कळव.

मोनालीला विचारलंय म्हणून सांग. तुझ्यावरच्या मायेचं पुढचं पत्र आल्यावर बघू.

तुझी आत्या,
केशरबाई


नवीन जालना
दि. २४ डिसेंबर २०२४

आदरणीय आत्याबाईंना सविनय जयभीम, वि. वि.

पायलला काही माहीत नाही, आणि कळू देऊ नका. पाया पडतो. तिला कळलं तर तिचाही शब्द सुटेल. ट्रंकेतला फोन ती परत मागेल आणि पोरीचं वर्ष जाईल.

फोन विकला नव्हता. मोटरसायकलच्या डिक्कीत असतो. त्यावर मी कोणाशी बोलत नाही, व्हिडिओ बघत नाही, फक्त रस्ता शोधतो. त्याला फोन म्हणूच नका, होकायंत्र म्हणा. तुम्ही छत्तीस वर्षं वर्गात बसून भूगोल शिकवलात. भिंतीवरच्या नकाशात गोदावरी दाखवायला छडी पुरते. चाळीस प्लॉट हिंडायला पुरत नाही. तुम्ही हिंडून बघा एकदा.

हे रागाने लिहिलं. आता खरं लिहितो. वाट विचारायला थांबलं की काही जण आधी गाव विचारतात, मग आडनाव. सांगितलं की कधी वाट सांगतात, कधी दुसरीकडे बघतात. सगळे तसे नसतात, पण तसा कोणता निघेल ते आधी कळत नाही. दिवसातून दहा वेळा ते नको वाटतं. फोन आडनाव विचारत नाही. एवढंच कारण आहे. हे मी मोनालीलाही सांगितलेलं नाही.

रागावलात तरी परकं करू नका.

आपला,
राजानंद


कुंभार पिंपळगाव
दि. ३० डिसेंबर २०२४

चि. राजानंद यास आशीर्वाद, वि. वि.

पत्राच्या पहिल्या भागाला मी हसले. होकायंत्र म्हणे. उद्या डिक्कीत म्हैस लपवशील आणि दुधाची पिशवी म्हणशील. दुसऱ्या भागाला हसणार नाही.

तुझे वडील, म्हणजे आमचे भिवादादा, कामाला या सगळ्या गावांतून पायी हिंडले. त्यांच्या तरुणपणी आपल्या माणसाला कोणाच्याही दारात उभं राहून वाट विचारता येत नव्हती. ते चुकायचे, पाच कोस जास्त चालायचे आणि घरी येऊन पाय शेकायचे. तुला आज विचारता येतं आणि तू डिक्कीत तोंड लपवतोस, याचं मला वाईट वाटतं. शाळेत पहिल्या दिवशी मलाही आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं, आणि मग फळ्यावर तारीख लिहिली. ज्याला दुसरीकडे बघायचं होतं त्याने बघितलं. मी बघितलं नाही.

सोबत नकाशा पाठवते आहे. सातही शेतं त्यात आहेत, कारण सातही जण माझ्या वर्गात होते. मच्छिंद्रला पाढे येत नव्हते, पण शेत सरळ रस्त्यावर आहे. कल्याणच्या शेताला दोन वाटा फुटतात, तिथं उतर आणि माणसाला विचार. वर्गात बसून काढलेला नकाशा आहे, चुकला तर छडी तुझ्या हातात.

पंधरा जानेवारीच्या आत पायलला स्वतः सांग. नाहीतर मी येऊन सांगेन, आणि मी कशी सांगते ते तुला माहीत आहे.

माया होती तिथंच आहे. तिला खाली बघायला लावू नकोस.

तुझी आत्या,
केशरबाई


नवीन जालना
दि. ८ जानेवारी २०२५

आदरणीय आत्याआजीला पायलचा जयभीम, वि. वि.

अभ्यास बरा चालू आहे. पप्पांना तुझं पत्र आल्यापासून ते माझ्या खोलीच्या दारात येतात, पेन हवंय म्हणतात आणि परत जातात. आतापर्यंत सहा पेनं नेली. म्हणून तुला लिहिते.

मला डिक्कीतला फोन नोव्हेंबरपासून माहीत आहे. पप्पा आंघोळीला गेले होते. अंगणात उभ्या गाडीतून एक बाई बोलली की दोनशे मीटरवर डावीकडे वळा. आमच्या डावीकडे न्हाणी आहे. मी डिक्की उघडली, बाईला गप्प केलं आणि डिक्की लावून टाकली. तेव्हाच तुझ्याकडे येऊन माझा फोन मागणार होते. मग वाटलं, मी मोडलं तर माझं नुकसान, आणि वरून पप्पांना बहाणा. म्हणून मी माझं पाळते आहे. आमच्या घरात शब्द पाळायचं काम सध्या मी एकटीच करते.

फोनचा मला राग नाही आला. पण जेवताना ते रोज सांगतात की आज एका म्हाताऱ्याने वाट दाखवली, एकाने बसवून पाणी दिलं, एकजण बांधापर्यंत सोबत आला. त्या माणसांची नावंही सांगतात. मी हो हो म्हणते. ही माणसं कुठेच नाहीत हे मला माहीत असतं. एवढं रचून सांगण्यापेक्षा रस्त्यात कोणाला तरी विचारणं सोपं नाही का? ते का विचारत नाहीत तेवढं मला कळत नाही. तुला माहीत असेल तर लिही. मी त्यांना विचारणार नाही.

परीक्षेला तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझी,
पायल


नवीन जालना
दि. १६ जानेवारी २०२५

आदरणीय आत्याबाईंना सविनय जयभीम, वि. वि.

मुदत काल संपत होती. परवा संध्याकाळी पायलला सांगितलं. फोनचं ऐकून तिने वहीतून मान वर केली नाही. माहीत होतं म्हणाली, आणि फिजिक्सचं गणित पुढे चालू ठेवलं. मी शिव्या खायला तयार होऊन गेलो होतो. तिने माझ्याकडून आधीपासूनच काही अपेक्षा धरली नव्हती, ते जास्त लागलं.

मग आडनावाचं सांगितलं. तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. नंतर विचारलं की जेवताना सांगायचात ती माणसं यासाठीच रचायचात का. मी हो म्हणालो. तिने तुमचा नकाशा मागून घेतला आणि मला जायला सांगितलं, अभ्यास आहे म्हणून.

काल सकाळी नकाशा गाडीच्या सीटवर होता. तिने तो पुठ्ठ्यावर नीट काढला होता, सात शेतं, दोन वाटा, पुंजारामचं हॉटेल, आणि हॉटेलावर मोठी फुली. वरच्या बाजूला, परीक्षेच्या पेपरवर लिहितात तसं, माझं पूर्ण नाव लिहिलं होतं. ते कशाला म्हणून विचारलं. ती म्हणाली, म्हणजे कोणाला आडनाव विचारावं लागणार नाही.

तो पुठ्ठा घेऊन निघालो. मच्छिंद्रचं शेत तुम्ही म्हणालात तसं सरळ रस्त्यावर निघालं. कल्याणच्या दोन वाटांपाशी एक माणूस बैलांना पाणी पाजत होता. मी उतरलो आणि पुठ्ठा त्याच्या पुढे धरला. त्याने आधी वरचं वाचलं, सावकाश. मग माझ्याकडे बघितलं. हाताने उजवी वाट दाखवली. वाट बराबर होती. पाणी दिलं नाही. पायलला जेवताना तेही सांगितलं, की पाणी दिलं नाही. ती हसली.

आणखी दोन जागी चुकलो आणि घरी यायला दोन तास उशीर झाला. तुमच्या नकाशात ओढा उलट्या बाजूला आहे. छडी आणतो आहे. रविवारी फोनही आणतो, पायलच्या फोनाशेजारी ट्रंकेत ठेवा. किल्ली मला देऊ नका.

जीव लावलात तसा लावत राहा, आणि बोलायचं ते असंच बोलत राहा.

आपला,
राजानंद भिवा बोर्डे