निफाडचा नमुना

सर, तुम्हाला जाऊन आता बावीस वर्षं झाली. पंचवटीतली आपली लॅब अजून तिथेच आहे, भाजीबाजाराच्या तोंडाशी. आज मला फार भीती वाटतेय आणि घरात कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय.

दर तीन महिन्यांनी तुम्ही एक ट्यूब आणायचात. लेबलवर तुमच्या अक्षरात 'निफाड'. तिकडच्या एका बागायतदाराच्या यकृतातली गाठ काढलीय, म्हणायचात. आता रक्तातला एएफपी उतरायला हवा, पुन्हा चढला तर गाठ परत आली समज. मी रक्त तपासायला लावते, प्लेटच्या खाचेत पिवळा रंग येतो, एएफपी जितका जास्त तितका गर्द, आणि तुम्ही मागे हात बांधून विचारता, "काय म्हणतोय निफाड?" नुसता आकडा वाचला की रागावायचात. "आकडा मशीनही वाचतं. माणसाचं काय होणार ते सांग." मी सांगितलं की बेदाण्यांची पुडी मिळायची. बागायतदारानं पाठवलेत म्हणून.

तीन वेळा उतरला. चौथ्यांदा रंग गर्द आला. मी तेवीस वर्षांची, शहाणपण नुसतं उतू चाललेलं. म्हणाले, "सर, निफाडचं काही खरं नाही. पुढचा द्राक्षांचा हंगाम बघत नाही तो." तुम्ही रिपोर्टची नीट घडी घालून खिशात ठेवलीत. "बरोबर," एवढंच म्हणालात आणि पुडी माझ्या हातावर ठेवलीत.

हंगाम आला तेव्हा तुम्ही नव्हतात. घरी भेटायला गेले, काकूंनी तुमच्या आजारपणाची फाइल माझ्या हातात दिली तर आत निफाडचे सगळे रिपोर्ट, माझ्या अक्षरातले. पहिल्या ट्यूबच्या आधी तुम्ही दोन महिने रजेवर होतात, ती रजा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी होती, असं आम्ही धरून चाललो होतो. काकू म्हणाल्या, "तुझ्याकडूनच करून घ्यायचे. म्हणायचे, ती पोरगी तोंडावर बोलते, बाकीचे माझ्याकडे बघून बोलतील." त्यानंतर कित्येक वर्षं मी बेदाणा तोंडात घातला नाही.

गेल्या वर्षी माझ्या यकृतातली गाठ काढली. लॅबमध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलंय. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा मुंबईला पाठवलाय. तिथे म्हणे पेशींतली जनुकं तपासून ती परत येईल का याचा अंदाज सांगतात. तुमच्या वेळी हे नव्हतं. त्या कागदाचीही धास्ती आहे, पण त्याला अजून वेळ आहे. आपला पिवळा रंग उद्या सकाळी आहे.

कारण आज मी माझ्या ट्यूबवर 'सिन्नर' लिहिलं आणि नव्या मुलीच्या हातात दिली. चांदवडकडची आहे, हुशार आहे.

"मॅडम, हे सिन्नरचं कोण हाय?"

"आहेत एक बाई. गाठ काढलीय. मुलगी बारावीला आहे त्यांची."

"मग उतरलेलाच असंल बघा."

"तसं म्हणायचं नाही. दिसेल ते सांगायचं," मी रागावले. आवाज अगदी तुमच्यासारखा निघाला. हात थरथरत होता, तो एप्रनच्या खिशात घातला. तुम्ही मागे हात का बांधायचात, ते तेव्हा कळलं.

हे पत्र तुमच्या फाइलीत ठेवून देईन. एक मात्र कबूल करते, सर. तुम्ही बेदाणे उत्तर ऐकल्यावर द्यायचात. मी आजच देऊन टाकले, उद्या तिनं जरा सांभाळून बोलावं म्हणून.