गांधील, दादा आणि ते बारीक जेट

६ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. पन्नाशी उलटलेल्या दिराला आशीर्वाद देताना हसू येतं, पण थोरल्या वहिनीचा हा हक्क मी काही सोडायची नाही. पत्र अशासाठी, की फोनवर गांधीलचं नाव काढलं की नेमका तुमचा आवाज तुटायला लागतो.

मार्चअखेरीस मी हे घर सोडून लेकीकडे राहायला जातेय. ती एक्स-रे काढते त्या दवाखान्याजवळच दोन खोल्या मिळाल्यात. भांडी, कपाटं मार्गी लागली. उरली मागची शेड, आणि तिच्यात ताडपत्रीखाली तुमची ती टू-स्ट्रोक मोटरसायकल, गांधील. हे जाऊन दोन वर्षं झाली. शेवटपर्यंत दर रविवारी हे तिला पुसायचे, इंजिन हाताने फिरवून ठेवायचे. बसले मात्र कधीच नाहीत.

लेकीने मागच्या आठवड्यात जुन्या गॅरेजवाल्यांना बोलावलं. पाळण्यातल्या बाळाला बघावं तसे ते गाडीवर वाकले. म्हणाले, सव्वाशे सीसीची, हुबेहूब रेसच्या गाडीवरून बेतलेली अशी आता बघायला मिळत नाही. पाचव्या किकला चालू झाली! निळ्या धुराने शेड भरली, शेजारच्या बाईंनी धडाधड खिडक्या लावल्या आणि मी खोकत खोकत रडले.

तिला भंगारात घालायची माझी छाती होत नाही. तुम्ही घेऊन जा. ताशी चाळीसच्या वर काटा जाऊ देत नाही म्हणून ड्रायव्हिंग स्कूलमधली पोरं तुम्हाला चाळीस सर म्हणतात हे ठाऊक आहे मला. चाळीसच्या आतच चालवा, पण न्या. गुडघ्याची काळजी घ्या, जिने टाळा.

आठवण ठेवून आहे, ती तुम्हीही ठेवा.
तुमची वहिनी

१५ फेब्रुवारी

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि. पत्र तीनदा वाचलं. गाडी मला नको. का नको, ते चौतीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. आज सांगतो, मग हवं तर आशीर्वाद परत घ्या.

त्या शर्यतीत इंजिन जाम होऊन मागचं चाक अडकलं आणि मी फेकला गेलो, हे सगळ्यांना माहीत आहे. कार्ब्युरेटर लावताना आपली चूक झाली, असं दादाने वडिलांना सांगितलं. ते खोटं होतं. त्याने बरोबर लावला होता. शर्यतीच्या सकाळी तो चहाला गेला तेव्हा मी आतलं जेट काढलं, म्हणजे पेट्रोल जातं ते पितळी भोक, आणि एक नंबर बारीक बसवलं. त्याने वरच्या वेगाला गाडी आणखी पळते असं कुणीतरी सांगितलं होतं. त्या इंजिनाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरली नाही.

दादाला रेसच्या एका टीमने मेकॅनिक म्हणून बोलावलं होतं. त्या अपघातानंतर त्यांचं पत्र आलं नाही. माझा मोठा भाऊ जन्मभर पाण्याचे पंप दुरुस्त करत राहिला, आणि मी गप्प. त्याला काही कळलं असेल का, हे विचारायचीही हिंमत झाली नाही. आता त्या गाडीवर कुठल्या तोंडाने बसू?

रागावलात तरी पत्र टाका. तुमचा राग मला चालेल, अबोला सोसवणार नाही.
तुमचा धाकटा दीर

२२ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद, आणि या वेळी जरा जास्तच. वेडे आहात.

ह्यांना त्याच संध्याकाळी कळलं होतं. कार्ब्युरेटर उघडून बघितला आणि ते जेट खिशात टाकलं. मला कसं ठाऊक? तुमचा पाय प्लास्टरमध्ये टांगलेला होता त्या वॉर्डात मीच नर्स होते ना! हे तीन महिने रोज यायचे. तुम्हाला झोप लागली की बाहेरच्या बाकावर बसायचे. एकदा मी विचारलं, की भावाला पाडलंत म्हणून एवढं मनाला लावून घेतलंय का. तेव्हा ह्यांनी मला सगळं सांगितलं आणि कुणाला सांगणार नाही असं वचन घेतलं. म्हणाले, त्याचा पाय गेला, रेस गेली, वर वडिलांचा बोल लागला तर पोरगा उभाच राहणार नाही. मला बोलणी खायची सवय आहे. माझं लग्न त्याच बाकावर ठरलं, भाऊजी. असा माणूस मला दुसरीकडे कुठे भेटला असता?

टीमचं म्हणाल, तर ह्यांना हुरहूर होती, खोटं कशाला सांगू. पण पंप चालू होऊन पाणी आलं की ह्यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. तुमच्या उचापतीने तुमचा गुडघा गेला आणि मला संसार मिळाला. मी रागावू कुणावर?

एक मात्र खुपतं. बाबांच्या हातून एकदा मोठी चूक झाली होती, असं लेक अजून समजते. वचनाने माझं तोंड बांधलंय, तुमचं नाही. या आणि तिला सांगा. गाडीचं नंतर बघू.

वाट बघते. माया आहे तशीच आहे.
तुमची वहिनी

१० मार्च

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि. काल सुखरूप पोचलो. गाडी टेम्पोतून उतरवताना स्कूलमधली सगळी मुलं गोळा झाली. मी त्यांना पहिल्यांदाच जेटची हकिकत सांगितली, स्वतःचं नाव न लपवता.

त्या दिवशी शेडमध्ये तुमच्या लेकीला सगळं सांगितलं. ऐकून ती बराच वेळ टाकीवरून फडकं फिरवत राहिली. मला वाटलं, आता ही मला घालवून देणार. तर तिने विचारलं की बाबांनी लावलेलं जेट कितीचं होतं. मी नंबर सांगितला. म्हणाली, गॅरेजवाल्या काकांनी परवा उघडून बघितलं, आत तेच आहे. दादाने कधीतरी पुन्हा बसवून ठेवलं असणार. मग तिने माझ्या हातात हेल्मेट दिलं.

वहिनी, सात हजार आरपीएमपर्यंत गांधील अजून तशीच कुरकुरते आणि मग एकदम पिसाळते. मोकळ्या रस्त्यावर ऐंशी गाठली. स्कूलमध्ये सांगू नका. सगळा रस्ताभर मी दादाशी बोलत होतो. आभार मानायचे राहिले होते, ते मोठ्याने मानले. त्या आवाजात दुसऱ्या कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

परत आलो तेव्हा हेल्मेट काढायला दहा मिनिटं लागली. पट्टा अडकलाय असं मी आतूनच म्हणालो. लेक पक्कड आणायला निघाली, तर तुम्ही तिला चहा टाकायला पाठवलंत आणि माझ्या शेजारी उभ्या राहिलात.

पट्टा अडकला नव्हता. तुम्हाला ठाऊक होतंच.

असंच शेजारी उभं राहत जा, एवढंच मागणं.
तुमचा धाकटा