तारांच्या नाटकातला फितूर

प्रिय सोपान,

तुझ्या सविताचा परवा फोन आला होता. म्हणाली, बाबा नीट जेवत नाहीत, खिडकीत बसून दौंडच्या यार्डातल्या गाड्या बघत राहतात. तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती शेवटी लिहितो. आधी माझं ऐक. फोनवर बोललो असतो, पण तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून सांगण्यासारखं यात काही नाही.

काल संध्याकाळी रुळांपर्यंत जाऊन आलो. गुडघे कुरकुरतात, तरी गेलो. ओढ्याकाठची बाभूळ अजून आहे. तिच्याखाली बसून आपण चौथीच्या वाचनमालेतल्या कविता घोकायचो. दुसरं कडवं आलं की तू हमखास अडायचास आणि वर मलाच म्हणायचास, गेनू, पुस्तकात चुकीचं छापलंय. काल मी ती कविता म्हणून बघितली. तुझ्याच जागी अडलो. मग हसू आलं, आणि मग बराच वेळ उठवेना.

शाळेत बोलावलं होतं गेल्या आठवड्यात. पंधरा ऑगस्टला, मी दरवर्षी बसवायचो ते तारांचं नाटक करायचंय, तर गुरुजींनी मुलांना इतिहास सांगावा, असं नव्या सरांचं म्हणणं. सर चांगला पोरगा आहे, पण लांबचा, त्याला आपल्या गावचं काही ठाऊक नाही. मी धुतलेलं धोतर नेसून गेलो. वर्गात आता बाकं निम्मी रिकामी असतात. बाकीची पोरं पिवळ्या बसनं केडगावला जातात. मी विचारलं, बेचाळीस साली आपल्या गावच्या लोकांनी रुळाकडेच्या तारा तोडल्या, त्या तारांचं भेंडोळं पोलिसांच्या डोळ्यांदेखत कुणी नेलं? कुणाला येईना. एकानं एका थोर पुरुषाचं नाव ठोकून दिलं. सोप्या, म्हाळसा कुणालाच माहीत नाही. कोकरांच्या पाटीत खाली तारा, वर कोकरं, आणि फौजदारानं पाटी उतरवायला लावली तर त्यालाच म्हणाली होती, धरा सायेब, दोन कोकरं तुम्हीच घ्या, उपाशी हायती. ते वाक्य आल्यावर नाटकात दरवर्षी टाळ्या पडायच्या. आता ते म्हणणारं कुणी नाही.

मग मी सहज विचारलं, आणि फितूर कोण होता? सगळे हात वर. मोनिका नावाची चुणचुणीत पोर उभी राहिली आणि पाठ केलेलं उत्तर द्यावं तशी म्हणाली, गुरुजी, तुमचे वडील. कुणी हसलं नाही. बरोबर उत्तर आल्यावर वर्ग जसा शांत होतो तसा झाला. सरांचा चेहरा उतरला. मी तिला म्हणालो, बस बाळ, आणि फळ्याकडे तोंड करून खडू शोधत राहिलो.

चूक पोरांची नाही. त्यांच्या आईबापांनी, काहींच्या तर आजोबांनीही, नाटकात काळा कोट घालून फितुराचं काम करताना मलाच बघितलं. बाकी सगळी कामं पोरांची, हे एक मास्तरचं. गावानं त्याचा अर्थ लावला: दुसऱ्या कुणाच्या घरावर येऊ नये म्हणून आपल्याच घरचं पाप गुरुजी अंगावर घेतात. तो कोट मी का घालायला लागलो, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. तुलाही नाही. पहिल्या वर्षी कामं चिठ्ठ्या टाकून वाटली होती. फितुराची चिठ्ठी तुझ्या साहेबरावच्या हातात आली. एवढंसं पोर, चिठ्ठी उघडून खुशीत मला दाखवायला आलं. मी ती काढून घेतली आणि म्हणालो, हे मोठ्या माणसाचं काम आहे. तेव्हापासून ते माझंच झालं.

आता गावात दगड बसतोय, लढ्यातल्या माणसांच्या नावांचा. त्याचा पुढाकार साहेबरावचाच आहे. परवा ओसरीवर येऊन बसला, चहा घेईना, कानकोंडा झालेला. म्हणाला, आप्पा, लोकं बोलत्यात. खरा कोण व्हता तेवढं सांगा, मंग तुमच्या वडलांचं नाव पहिल्या वळीत घालतो, कोण आडवं येतंय बघू. माझा बाप, हौसराव, येरवड्याच्या तुरुंगात दीड वर्ष होता. तिथून खोकला घेऊन आला तो त्याला घेऊनच गेला. आणि मी, जन्मभर इतिहास शिकवलेला मास्तर, तुझ्या मुलाच्या तोंडाकडे बघून म्हणालो, आठवत नाही रे आता. तो गेल्यावर माझा इंद्रजीत माझ्यावर तोंड टाकून बोलला. आप्पा, आजोबांचं नाव मातीत चाललंय आन् तुम्ही गप कसे? तेव्हापासून जेवायला माझ्याबरोबर बसत नाही.

नात सायली नववीत आहे. तिला बसमध्ये पोरांनी फितूर म्हणून हाक मारली. घरी येऊन ती मोरीत बराच वेळ तोंड धूत राहिली. पूर्वी संध्याकाळी माझ्याकडून कविता म्हणून घ्यायची, आता अभ्यास आहे म्हणते. तिला मी एवढंच सांगितलं, तुझा पणजोबा तुरुंगात गेला होता, बेटा, फितूर तुरुंगात जात नसतो. तिनं मान हलवली. पुढचा प्रश्न तिच्या ओठावर आला होता, पण तिनं तो विचारला नाही. पोरगी माझ्यापेक्षा शहाणी निघेल.

सोप्या, मी इतकी वर्षं शिकवलं त्याचं हेच उरलं. म्हाळसा गेली, तारा गेल्या, माझा बाप गेला, आणि पोरांना पाठ राहिलं ते फक्त कुणाला नावं ठेवायची. नाटकात फितूर पैशाची थैली घ्यायचा. थैली दाखवणं सोपं असतं. खरं झालं ते मला कधी नाटकात बसवता आलं नाही. फौजदारानं तुझ्या आईला चावडीसमोर दिवसभर उन्हात उभं केलं होतं आणि तू तिच्या पोटात होतास. संध्याकाळी ती कोसळली, तेव्हा तुझ्या वडिलांनी नावं सांगितली. हे मला माझ्या बापानंच सांगितलं, शेवटच्या आजारात. आणि सुटून आल्यावर त्यानं पहिल्यांदा काय केलं, तर तुला खांद्यावर घेऊन गावातून फिरवलं. म्हातारी माणसं सांगायची, तू त्याच्या टोपीशी खेळत होतास. यावर नाटक कसं लिहायचं, कोणत्या पोराला कोणतं काम द्यायचं? मला जमलं नाही. मी काळा कोट घातला.

आता सविता म्हणाली ते. पंधरा ऑगस्टला मला गावी न्या, दगडापुढं उभं राहून मला दोन शब्द बोलायचेत, असा तू हट्ट धरलायस म्हणे. म्हणजे तुलाही सगळं ठाऊक आहे, आणि ते दोन शब्द कोणते, हे मला कळलं. म्हणून हे पत्र. येऊ नकोस, सोपान. यंदाच्या नाटकात झेंडा तुझा पणतू स्वराज धरणार आहे. रोज अंगणात काठीला टॉवेल बांधून चालायचा सराव करतो, मी ओट्यावरून बघतो. सायलीला जे ऐकावं लागतंय ते खोटं आहे. खोटं सोसताना माणसाला आत कुठंतरी टेकायला जागा असते. स्वराजला ती नसेल. मी करतोय ते बरोबर आहे का, मला ठाऊक नाही. माझ्या बापाला विचारता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तुला खांद्यावर घेतलं तेव्हाच त्यानं उत्तर दिलं असावं. दगडावर त्याचं नाव नसेल. तू मात्र दोन घास खात जा. दसऱ्यानंतर ऊन उतरलं की ये, बाभळीखाली बसू. ते दुसरं कडवं तुला आठवतं का बघ, मला एकट्याला आता पुढं जाता येत नाही.

तुझाच, बाकावरचा जोडीदार,
गेनू